घटस्फोटानंतर पुन्हा नोकरी : बी.कॉम., अकरा वर्षांचा खंड, नाशिक

गोदाकाठ

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. संमतीने घटस्फोट झाला आहे, कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा हातात आहे. वय ३६. बी.कॉम. २०१० साली. २०१४ पर्यंत अंबडच्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंट होती, टॅली ईआरपी ९ या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर काम. त्यानंतर नोकरी नाही. मुलगा ९ वर्षांचा, तिच्याकडेच आहे. दोघं सध्या आई-बाबांकडे सिडकोत राहतात.

प्रश्न असे:
१. पदवी माहेरच्या नावावर, आधार-पॅन-बँक सासरच्या नावावर. नोकरीसाठी अर्ज कुठल्या नावाने करायचा? आधी नाव बदलून घ्यावं का?
२. अकरा वर्षांचा खंड बायोडेटात कसा दाखवायचा? घटस्फोटाचं सांगायचं का?
३. जुनं टॅली चालेल का? कोर्स करायचा तर कोणता?
४. संमतीच्या अटींत मुलासाठी दरमहा ठरलेली रक्कम आहे आणि तिला एकरकमी मिळाली आहे. ती कमावू लागली की मुलाचे पैसे बंद होतात असं नातेवाईक सांगतात, म्हणून ती बिचकते आहे.
५. सरकारी नोकरीत घटस्फोटितांना सवलत असते म्हणे. खरं काय?

कृपया नेमकं सांगा. "हिंमत ठेव" सांगणारे आजूबाजूला पुष्कळ आहेत.

---

हजेरीपट

ताई, तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बाकीचे कागद याच क्रमावर अडतात किंवा सुटतात.

सासरचं नाव पुढे ठेवायला कायद्याने आडकाठी नाही. घटस्फोट झाला म्हणून नाव बदललंच पाहिजे असंही नाही. फक्त संमतीच्या अटी एकदा नीट वाचा. "पत्नी यापुढे पतीचं आडनाव लावणार नाही" असं कलम कधी कधी त्यात असतं. ते असेल तर निर्णय झालाच. नसेल तर तिने ठरवायचं, पण एकदाच ठरवायचं आणि नोकरीवर रुजू होण्याआधी.

कारण असं की रुजू झाल्यावर पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक, आधारवरच्या नावाने निघतो. आता तो उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, म्हणजे आधारवर जे नाव तेच तिथे चिकटतं. नोकरी लागल्यानंतर आधार बदललं तर यूएएन, पगाराचं खातं, ईएसआय (कामगार आरोग्य विमा) कार्ड, सगळं पुन्हा दुरुस्त करत बसावं लागतं.

माहेरचं नाव परत घ्यायचं असेल तर हा क्रम धरा:

१. हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून तीन-चार एकदमच काढा. साधी झेरॉक्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि दर वेळी नव्याने अर्ज करण्यात दिवस जातात.

२. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल. अर्ज ऑनलाइन करता येतो. एजंट त्यासाठी सरकारी शुल्काच्या कित्येक पट पैसे घेतात, गरज नाही. नवीन नाव दहावीच्या आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर आहे अक्षरशः तसंच द्या. इथे मोठी गफलत होते ती मधल्या नावाची. आडनाव बदलतात आणि मधलं नाव नवऱ्याचंच राहून जातं. इंग्रजी स्पेलिंगही पदवीवरचंच. एक जादा "ए" किंवा "एच" पुढे वर्षभर छळतो.

३. मग आधार. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर तिने एकदा बदललं असेल तर आता एकच संधी उरली आहे. म्हणून राजपत्राची प्रत समोर ठेवूनच फॉर्म भरा आणि पावतीवरचं स्पेलिंग केंद्रातून उठण्याआधी वाचा. नावांचा क्रमही बघा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. आधार-पॅनवर बहुतेकांचं आडनाव शेवटी असतं, तेच ठेवा. त्याच वेळी पत्ताही आई-बाबांच्या घरचा करून घ्या.

४. आधारनंतर पॅन, पॅननंतर बँक. उलट केलं तर पॅन-आधार जुळत नाही आणि बँकेत केवायसी अडकते. पॅनवर वडिलांचं नाव लग्नानंतरही वडिलांचंच राहतं, त्यामुळे ती एक बाजू आपोआप सुटलेली असते.

या सगळ्याला काही आठवडे जातात. तोवर अर्ज थांबवू नका. बायोडेटावर पदवीवरचं नाव लिहा. निवड झाली की एचआरला सांगायचं, "नावबदल प्रक्रियेत आहे, राजपत्राची पावती आणि हुकूमनाम्याची प्रत देते." त्यावर कोणी अडत नाही. अडतात ते रुजू होण्याच्या दिवशी तीन कागदांवर तीन नावं निघाली म्हणजे.

आता खंडाबद्दल. बायोडेट्यात तारखा लपवू नका. "२०१०–२०१४ अकाउंट्स असिस्टंट" लिहा, त्याखाली एकच ओळ : "२०१४–२०२५ कौटुंबिक जबाबदारी, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध." घटस्फोटाचा उल्लेख बायोडेट्यात कुठेच नको. वैवाहिक स्थिती, धर्म, मुलांची संख्या हे रकाने जुन्या नमुन्यांत असायचे, ते काढून टाका. वर सगळ्यात आधी "मला येत असलेली कामं" असा तुकडा टाका, कारण वाचणारा पहिले अर्धे पान बघतो आणि तिथे २०१४ दिसलं की पुढे जातो.

मुलाखतीत "मिस्टर काय करतात?" हा प्रश्न येणारच, विशेषतः छोट्या कंपन्यांत, जिथे मालक स्वतः समोर बसतात. त्यांना तिच्या संसाराची चौकशी नसते. ही बाई महिन्याभरात सोडून जाईल का, उशीर झाला तर चालेल का, एवढंच हवं असतं. उत्तर त्याचंच द्यायचं : "मी आई-वडिलांकडे राहते. मुलगा चौथीत आहे, शाळा सुटल्यावर आई सांभाळते. कामाच्या वेळेची अडचण नाही." आवाज न बदलता सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. कोणी खोदलंच तर "घटस्फोट झाला आहे, कोर्टाचं काम पूर्ण झालं आहे." शेवटचे पाच शब्द महत्त्वाचे आहेत. तारखांसाठी रजा लागणार नाही हे त्यातून कळतं.

रुजू होताना भरायच्या फॉर्मात मात्र खरं लिहा. वैवाहिक स्थितीत "घटस्फोटित", आपत्कालीन संपर्कात भाऊ किंवा वडील. पीएफच्या नामनिर्देशनात मुलाचं नाव आणि तो अल्पवयीन असल्यामुळे पालक म्हणून कोणाचं तरी नाव लागेल. जुना विमा, बँकेची खाती, मुदत ठेवी यांतला नॉमिनी घटस्फोटाने आपोआप बदलत नाही. याच आठवड्यात यादी करून बदलून टाका.

---

ताळेबंद

तिसऱ्या प्रश्नावर. टॅलीची चिंता करू नका, जीएसटीची करा.

ईआरपी ९ नंतर २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं. पडदा बदलला, काही शॉर्टकट बदलले, पण व्हाउचर, लेजर, ग्रुप तेच आहेत. ज्याला किर्द-खतावणी येते त्याला आठ दिवसांत हात बसतो. खरी दरी वेगळी आहे. तिने काम सोडलं तेव्हा व्हॅट होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि अकाउंट्स असिस्टंटच्या कामाचं स्वरूपच पालटलं. पूर्वी बिल नोंदवलं की काम संपायचं. आता समोरच्याने ते बिल पोर्टलवर भरलं का हे बघणं हे अर्धं काम आहे.

तिला नेमकं काय यायला हवं:

विक्रीची बिलं जीएसटीआर-१ या विवरणपत्रात जातात, महिन्याला भरणाऱ्यांना मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख. १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतं, म्हणजे आपल्या पुरवठादारांनी काय काय भरलं त्याचा उतारा. २० तारखेपर्यंत ३बी हे एकत्रित विवरणपत्र भरून कर जमा करायचा. तिमाही भरणाऱ्यांच्या तारखा वेगळ्या : जीएसटीआर-१ ला १३ आणि महाराष्ट्रात ३बी ला २२.

यातली २बी ची जुळवणी म्हणजे नोकरी. टॅलीतलं खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये काढायचं, २बी डाउनलोड करायचं, दोन्ही जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक) आणि बिल नंबरवर जुळवायचे. जे जुळत नाही त्याची कारणं ठरलेली असतात. पुरवठादाराने उशिरा भरलं. तिमाही भरणारा असून मधल्या महिन्यात बिल अपलोड केलं नाही. जीएसटीआयएन चुकीचा टाकला. बिल जीएसटी क्रमांक नसलेल्या ग्राहकाला विक्री म्हणून दाखवलं. किंवा बिल नंबर "००४५/२५-२६" च्या जागी "४५" असा टाइप केला. पहिल्या चार प्रकारांत पुरवठादाराला फोन करावा लागतो, शेवटच्यात फक्त एक्सेलमध्ये नंबर साफ करावे लागतात. जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये न दिसणाऱ्या बिलाचा क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, म्हणून मालकाचे रोख पैसे यात अडकतात. मुलाखतीत "२बी जुळवता येतं, न जुळण्याची कारणं मला माहीत आहेत" हे वाक्य उदाहरणासहित सांगता आलं की अकरा वर्षांचा विषय मागे पडतो.

याशिवाय: ई-वे बिल (माल नेताना लागणारी ऑनलाइन नोंद) ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. ई-इनव्हॉइस ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला. सप्टेंबर २०२५ मध्ये दरांची रचना बदलून मुख्यतः ५ आणि १८ टक्के उरले, त्यामुळे जुन्या पुस्तकांतले १२ आणि २८ चे तक्ते घेऊन बसू नका. टीडीएस भरणा ७ तारखेला, पीएफ-ईएसआय १५ तारखेला. आणि बँकेचा मेळ, जो तिला जुन्या कामातून येतच असेल.

सातपूर-अंबडसाठी एक खास गोष्ट : जॉबवर्क. तिथल्या वेंडर कंपन्यांत माल कोटिंगला, मशीनिंगला बाहेर जातो-येतो. तो चलनावर जातो, बिलावर नाही, आणि कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर ती विक्री धरली जाते. पाठवलेलं आणि आलेलं यांचा हिशोब कोणीच नीट ठेवत नाही. हे समजणारी व्यक्ती स्थानिक कंपनीला लगेच हवी असते.

सराव कसा करायचा? टॅलीप्राइमची शैक्षणिक आवृत्ती फुकट उतरवता येते. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच नोंदी होतात, पण शिकायला तेवढं पुरतं. एक काल्पनिक ट्रेडिंग कंपनी उघडा : ३० खरेदी बिलं, ४० विक्री बिलं, त्यात राज्याबाहेरची पाच-सहा, दोन क्रेडिट नोट, मालवाहतुकीचं एक बिल ज्यावर कर आपल्याला भरायचा असतो. मग जीएसटीआर-१ चा अहवाल टॅलीतून काढा आणि हाताने केलेल्या बेरजेशी जुळतो का बघा. एक्सेलमध्ये व्हीलूकअप, समइफ्स, पिव्होट आणि डुप्लिकेट शोधणं एवढं सफाईने आलं पाहिजे. रोज तीन तास दिले तर सहा आठवडे पुरतात.

कोर्स लावायचाच तर पोर्टलवर प्रत्यक्ष रिटर्न भरून दाखवणारा लावा. फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा : "२बी ची जुळवणी शिकवता का?" आणि "सरावाला खऱ्या स्वरूपाची बिलं देता का?" उत्तर गोल मिळालं तर उठा. चाळीस-पन्नास हजारांचा "शंभर टक्के नोकरी" वाला डिप्लोमा घेऊ नका. मिळालेल्या एकरकमी पैशांतून तर मुळीच नाही.

सुरुवात सीए ऑफिसमधून करावी असं माझं मत. पगार कमी, पण सहा महिन्यांत वीस प्रकारचे धंदे बघायला मिळतात.

---

अंबड_लिंकरोड

ताळेबंद यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. सीए ऑफिसात शिकायला मिळतं हे खरं, पण जुलै ते ऑक्टोबर रिटर्न आणि ऑडिटच्या मुदती असतात, रात्री आठ-नऊ होतात. नऊ वर्षांचा मुलगा घरी असलेल्या बाईला पहिल्याच हंगामात हे जड जातं आणि मग "जमलं नाही" असा शिक्का बसतो. कंपनीत उशीर होतो तोही ठरलेल्या तारखांना, ७, ११, २०च्या आसपास. ते आधी माहीत असलं की आजी-आजोबांना सांगून ठेवता येतं.

कंपनी शोधताना फक्त नोकरीच्या पोर्टलवर अवलंबून राहू नका. पाच-पंचवीस माणसांच्या कारखान्यांत जागा निघते ती आधी त्यांच्या सीएला कळते, मग टॅली बसवून देणाऱ्या माणसाला, मग निमा-आयमासारख्या इथल्या उद्योजक संघटनांच्या ग्रुपवर येते. पोर्टलवर शेवटी, आली तर. म्हणून सिडको, कॉलेज रोड, शरणपूर रोडवरच्या सीए ऑफिसांत एक पानी बायोडेटा घेऊन प्रत्यक्ष जावं आणि सांगावं, "तुमच्या क्लायंटकडे जागा असेल तर कळवा." सकाळी अकरा ते एक ही वेळ बरी. महिन्याच्या २१ ते ३० मध्येच जावं, १० ते २० मध्ये कोणाला मान वर करायला वेळ नसतो.

शासनाच्या महास्वयं पोर्टलवरही नोंदणी करून ठेवा. जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्यांची माहिती त्यावर येते. पतसंस्था आणि लहान सहकारी बँकाही बघा, पगार बेताचा पण घराजवळ आणि वेळ ठरलेली.

---

गोदाकाठ

फार उपयोगी. आधारला दोनच संधी हे आम्हाला माहीतच नव्हतं. लग्नानंतर तिने एकदा नाव बदललेलं आहे, म्हणजे आता जपूनच. चौथ्या प्रश्नावर कोणी सांगेल का? ती त्यातच अडकली आहे.

---

कलम_आणि_कागद

ताई, नातेवाईकांचं म्हणणं चुकीचं आहे, तिला निश्चिंत करा.

मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे. आई कमावते म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही. पुढे रकमेत बदल हवा असेल तर ज्याला हवा त्याला न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि दोघांचं उत्पन्न, मुलाच्या गरजा हे सगळं बघितलं जातं. आपल्या मनाने बंद करता येत नाही. केली तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करता येते. आणि हीच वाट तिच्यासाठीही मोकळी आहे. मुलगा माध्यमिकला गेला, खर्च वाढला, तर ती रक्कम वाढवून मागू शकते.

तिला मिळालेली एकरकमी पोटगी तर संपलेला व्यवहार आहे. नोकरीने त्यात काहीच बदलत नाही.

व्यवहारात दोन गोष्टी करा. मुलाची रक्कम एका वेगळ्या बचत खात्यातच येऊ द्या, पगाराच्या खात्यात नको. कोणता महिना आला, कोणता चुकला हे पासबुकावर सरळ दिसतं. रोख कधीच घेऊ नका. आणि शाळेची फी, औषधं, क्लास यांच्या पावत्या एका फाइलीत तारखेने लावत जा.

हा धागा वाचणाऱ्या ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांच्यासाठी : रजनेश विरुद्ध नेहा या २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं आहे. पत्नी कमावते एवढ्या कारणावरून पोटगी आपोआप नाकारली जात नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. पण नोकरी लपवली आणि ती पीएफच्या नोंदीतून किंवा बँक खात्यातून बाहेर आली, तर रकमेपेक्षा विश्वासार्हता जाते, मग खऱ्या मुद्द्यांनाही वजन राहत नाही. नोकरी लागली की वकिलांना सांगून सुधारित शपथपत्र द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

---

फाइल_नंबर

पाचवा प्रश्न. सवलत आहे, पण सगळीकडे सारखी नाही.

केंद्राच्या गट क पदांना, म्हणजे स्टाफ सिलेक्शनच्या बऱ्याच परीक्षांना, पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटित महिलांसाठी वयोमर्यादा ३५ पर्यंत आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० पर्यंत. सरकारी बँकांच्या क्लार्क परीक्षेत खुल्या वर्गाला ३५, ओबीसींना ३८, अनुसूचित जाती-जमातींना ४०. म्हणजे खुल्या वर्गातून ३६ व्या वर्षी ही दारं बंद आहेत, ओबीसी असेल तर बँक क्लार्कला अजून वाव आहे. अर्ज करताना हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि पुनर्विवाह केलेला नाही असं शपथपत्र लागतं.

राज्याच्या नोकरीत सर्वसाधारण मर्यादाच खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे तिथे तिला घटस्फोटाच्या सवलतीची गरज पडत नाही. शिवाय महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण. २०२३ पासून खुल्या वर्गातल्या महिलांना त्यासाठी नॉन क्रिमीलेयर दाखला लागत नाही. ओबीसी महिलांना लागतो, आणि तो आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतो. जातीचा दाखलाही वडिलांकडूनच. तो माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर असेल तर कागद तपासणीत अडकतं, म्हणून राजपत्राची प्रत जोडायची.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असं शासनाचं टंकलेखन प्रमाणपत्र हवं, शिवाय एमएस-सीआयटी किंवा समकक्ष. बी.कॉम. असल्यामुळे जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ सहायक लेखा या पदावर नजर ठेवा. जाहिरात कधी येईल याचा भरवसा नसतो. खाजगी नोकरी करत संध्याकाळी टायपिंगचा क्लास लावावा. फक्त परीक्षेसाठी घरी बसून राहू नये, कारण दोन वर्षांनी खंड तेरा वर्षांचा झालेला असेल.

---

सावध

एकच मुद्दा, पण मांडायलाच हवा. बायोडेटा पोर्टलवर टाकला की दुसऱ्या दिवसापासून "घरबसल्या डेटा एन्ट्री", "व्हिडिओ लाइक करा, रोज २,००० मिळवा" असे मेसेज सुरू होतात. पद्धत ठरलेली आहे. पहिल्या दोन-तीन कामांचे शे-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात, मग "मोठं टास्क" म्हणून आधी पैसे भरायला सांगतात. डेटा एन्ट्रीवाले ऑनलाइन करारावर सही घेतात, अचूकता ९८ टक्के आली नाही म्हणून खोट्या वकिलाची नोटीस पाठवतात आणि घाबरवून दंड उकळतात. नुकत्याच कोर्टातून बाहेर पडलेल्या बाईला नोटिशीची भीती जास्तच वाटते, तिला हे आधीच सांगून ठेवा.

नोंदणी, गणवेश, लॅपटॉप, प्रशिक्षण, कशाहीसाठी आधी पैसे मागणारा नोकरी देत नसतो. मूळ कागदपत्रं कोणाकडेही जमा करू नका, दाखवून परत घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचे दोन प्रश्न. पगार किती मागावा आणि "सीटीसी"तून (कंपनी सांगते त्या एकूण खर्चातून) हातात किती येतो? आणि तिची जुनी कंपनी बंद पडली आहे, अनुभवाचं पत्र घेतलेलं नाही. पीएफ कापला जायचा, पण काढलेला नाही.

---

हजेरीपट

अकरा वर्षांनंतर परतणाऱ्या असिस्टंटला नाशिकमध्ये पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान विचारणा होईल असं धरून चाला. पहिल्या नोकरीत दोन हजारांसाठी ताणण्यापेक्षा "सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार" हे नेमणूक पत्रात लिहून घ्या. तोंडी नको.

हातात किती, याचं उदाहरण. मूळ वेतन १२,००० आणि भत्ते ६,००० मिळून १८,०००. कंपनी पीएफचे १२ टक्के मूळ वेतनावर भरते, १,४४०. ईएसआयचे ३.२५ टक्के १८,००० वर, ५८५. हे मिळवून कंपनी तुम्हाला "सीटीसी २०,०२५" सांगते. तिच्या बाजूने पीएफ १,४४० आणि ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३५ कापले जातात. हातात १६,४२५. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना २५,००० पगारापर्यंत नाही. कापलेला दिसला तर स्लिप घेऊन विचारा. सीटीसीत बोनस आणि ग्रॅच्युइटीही धरली असेल तर हातातला आकडा आणखी खाली येतो, म्हणून मुलाखतीत "दरमहा खात्यात किती जमा होतील?" असाच प्रश्न विचारावा.

"पीएफ नको, रोख जास्त देतो" म्हणणाऱ्या मालकाला नाही म्हणा. पगार २१,००० पर्यंत असला की ईएसआयमध्ये तिच्यासोबत मुलाचाही उपचार येतो, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचाही. एकट्या कमावत्या बाईसाठी हे दोन हजार रोखीपेक्षा मोठं आहे.

जुन्या कंपनीबद्दल. अनुभव पत्र नसलं तरी चार पुरावे चालतात : फॉर्म १६, त्या काळातलं बँकेचं स्टेटमेंट ज्यात पगार जमा झालेला दिसतो, पगाराच्या स्लिपा, आणि पीएफची वार्षिक पावती. यातले दोन मिळाले तरी पडताळणी पार पडते.

पीएफ काढू नका. यूएएन २०१४च्या ऑक्टोबरपासून सुरू झाला, तिने त्याआधी सोडलं असेल तर तिच्याकडे फक्त जुना सदस्य क्रमांक असेल. तो जुन्या स्लिपवर सापडतो. नवीन नोकरीत फॉर्म ११ भरताना "पूर्वी सदस्य होते" असं लिहून तो क्रमांक द्या, मग जुनी रक्कम नव्या खात्यात वळवता येते. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षं सेवा लागते, त्यात ही जुनी चार वर्षं मोजली जातात, पण तेव्हाचा पैसा काढला तर ती गेली. नाव तेव्हा माहेरचं होतं, त्यामुळे ती माहेरच्या नावावर परत आली तर हा दुवा सोपा होईल. सासरचं ठेवलं तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावं लागेल. कंपनी बंद असल्यामुळे काही अडलं तर दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालयाचं "निधी आपके निकट" शिबिर असतं, तिथे जुन्या स्लिपा, आधार आणि हुकूमनाम्याची प्रत घेऊन जा.